चाकामागचा ठोकळा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल याची मला खात्री आहे. वीतभर उंची, दीड वीत लांबी, एक बाजू उतरती आणि अंगभर तेलाचे काळे डाग. मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. वर्गात एखाद्याला गणित पटकन समजले नाही की मुले त्याला माझ्या नावाने चिडवतात, हेही मला ठाऊक आहे. मी ते मनावर घेत नाही. ट्रक चढावर उभा राहिला की मला त्याच्या चाकामागे ठेवतात, म्हणजे ट्रक मागे घसरत नाही. काम एवढेच. पण ते करताना माझ्या पुढ्यात जे चाक असते, ते तुमच्या छातीइतके उंच असते, हे ध्यानात असू द्या.

आधी मी एका गोदामाच्या दाराची चौकट होतो. गोदाम पाडले तेव्हा एका म्हाताऱ्या सुताराने मला उचलून आपल्या दुकानात आणले. तिथे तीन वर्षे मी कोपऱ्यात उभा होतो. "हे लाकूड मी कशालाही देणार नाही, याचं काहीतरी चांगलं करायचंय," असे सुतार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मला वाटे, आपले कपाट होणार, निदान एखाद्या आजोबांची आरामखुर्ची तरी. मग एका सकाळी सुताराचे जावई दुकानात आले आणि माझे नशीब ठरले.

जावई ट्रक चालवत. ओढ्यावर एक छोटी मोरी होती. मोरीच्या अलीकडे दगड फोडून खडी करण्याचा कारखाना आणि पलीकडे लगेच लांबलचक चढ. कारखान्यात खडी भरायची, मोरी ओलांडायची, चढ चढायचा आणि वर नव्या रस्त्याच्या कामावर खडी ओतून परत यायचे, अशा त्यांच्या दिवसभर फेऱ्या चालत. माणूस मोठा बोलका. सासऱ्यांच्या दुकानात आले की दोन कप चहा आणि तासभर गप्पा ठरलेल्या. त्या दिवशी मात्र ते दारातच उभे राहिले.

"मामा, एक ठोकळा करून हवाय. चाकामागे लावायला."

मामा रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. "का? रस्त्यावरचे दगड संपले?"

जावई हसले नाहीत.

"चौदा वर्षं दगड लावताय. आजच हे कसले डोहाळे लागले, जावईबापू?"

"दार लावून घेतो, मामा. मग सांगतो."

दार लावल्यावर जावई जे बोलले ते मी कोपऱ्यातून शब्द न शब्द ऐकले. आठवड्यापूर्वी चढावर त्यांच्या भरल्या ट्रकचा टायर फुटला होता. त्यांनी कडेचे दोन मोठे दगड आणून मागच्या चाकांना लावले, टायर बदलला, गाडीत बसले आणि निघून गेले. दगड रस्त्यातच राहिले. संध्याकाळी मोरीपाशी असलेल्या दवाखान्याच्या नर्सताई स्कूटरवरून चढावरच्या वस्तीत एका बाळंतिणीला पाहायला निघाल्या होत्या. स्कूटरचे चाक एका दगडावर गेले. ताई पडल्या आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

"उतरून दगड बाजूला करायला काय झालं होतं?" मामांनी विचारले.

"चढावर भरलेली गाडी एकदा उचलली की थांबवता येत नाही, मामा. थांबवली तर पुन्हा उचलत नाही, मागे यायला लागते. सगळेच तसं करतात."

"पण तो तुमचाच दगड कशावरून?"

"दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिला. कोणीतरी कडेला सरकवला होता. माझ्या टायरची काळी खूण होती त्याच्यावर."

"कोणाला सांगितलंत?"

"तुम्हाला."

"आणि घरी?"

"नाही."

मामांनी रंधा खाली ठेवला. मग त्यांनी मला कोपऱ्यातून ओढले आणि माझ्यावर करवत चालवली. मित्रांनो, त्यांचा हात एरवी फार हलका. पण त्या दिवशी ते असे कापत होते की मीच काही गुन्हा केला आहे असे मला वाटले. त्यांनी माझे दोन ठोकळे केले, एकेका चाकासाठी एकेक. म्हणजे मला एक जुळा भाऊ मिळाला. आम्हा दोघांच्या अंगात आरपार भोक पाडून त्यांनी जाड दोर ओवला.

"दोराचं टोक गाडीला बांधायचं," ते म्हणाले. "गाडी निघाली की ठोकळे मागून फरफटत येतील. चढ संपला की उतरायचं आणि उचलून घ्यायचे. विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही."

जावयांनी आम्हाला उचलले. ते दार उघडत असताना मामा पुन्हा बोलले. "ठोकळे मी दिले. ताईंना सांगायचं काम तुमचं. ते माझ्याकडून होणार नाही."

"सांगतो, मामा."

"कधी?"

"सांगतो."

अशा रीतीने मी नोकरीला लागलो. नोकरी कष्टाची होती, पण मला आवडली. ट्रक चढावर थांबला की आम्ही भाऊ एकेका चाकामागे बसायचो आणि ट्रक निघाला की दोराच्या टोकाला टणाटण उड्या मारत मागून जायचो. बाकीचे ड्रायव्हर खो खो हसत. "काय हो, गाडीला शेपूट फुटलं का?" असे म्हणत. आमचे ड्रायव्हर ऐकून घेत. पूर्वी त्यांच्या वेगाची चढाओढ चाले. आता ते मोरीवर गाडी अगदी हळू घालत, वळणावर दोनदा भोंगा वाजवत आणि शाळेपाशी तर पायी चालल्यासारखे जात. त्यामुळे त्यांना सगळे 'सावकाशभाऊ' म्हणू लागले. हे नाव त्यांना चिकटले ते कायमचे, म्हणून मीही तेच वापरतो.

तुम्ही रस्ता वरून पाहता. मी तो जमिनीला गाल लावून पाहिला आहे. म्हणून सांगतो, भरलेला ट्रक गेला की रस्ता दबतो, आणि मी तो दबताना अनुभवला आहे. आमच्या ट्रकने दहा टन ओझे वाहावे असे त्याच्या कागदावर लिहिले होते. ट्रकचे मालक पंधरा भरत. ओझ्याने गाडी खाली बसलेली दिसू नये म्हणून त्यांनी चाकांवरच्या कमानीत, म्हणजे भार झेलणाऱ्या स्प्रिंगमध्ये, लोखंडाचे दोन जादा पाटे घालून घेतले. त्यामुळे गाडी वरून ताठ दिसू लागली. ब्रेक मात्र पूर्वीचेच राहिले. सावकाशभाऊंनी एकदा हे मालकांना बोलून दाखवले.

"गाडी कुरकुरत नाही, मग तू का कुरकुरतोस?" मालक म्हणाले.

"गाडीला बोलता येत नाही म्हणून."

"मग तूही बोलू नकोस. टनावर पगार आहे ना तुझा? जास्त माल म्हणजे कमी फेऱ्यांत काम. तुझाच फायदा."

भाऊंच्या घरी दोन मुली शिकत होत्या. ते गप्प बसले. त्यांचे ते गप्प बसणे मला आवडले नव्हते, पण मला तरी कुठे बोलता येते?

आमच्यासारखे वीस-पंचवीस ट्रक रोज त्या रस्त्याने जात. रस्त्याला चाकांएवढ्या रुंद चऱ्या पडल्या. चऱ्यांत पाणी साचे, सायकलींची चाके अडकत. रस्त्याखालून गेलेला पाण्याचा नळ दोनदा फुटला आणि वरच्या वस्तीतल्या बायका आठ-आठ दिवस ओढ्यावरून पाणी नेत राहिल्या. मग मोरीचा एक कठडा कलला. मोरी खचते आहे म्हणून मोठी बस बंद झाली. रुग्णवाहिका ओढ्याला वळसा घालून लांबच्या रस्त्याने येऊ लागली. रस्ता दर वर्षी नवा होई आणि दर वर्षी मोडे. त्याच्या दुरुस्तीतच सगळे पैसे संपतात म्हणून वस्तीतल्या शाळेची दुसरी खोली अर्धी बांधून तशीच पडून राहिली. खडी आम्हीच वाहत होतो आणि रस्ताही आम्हीच मोडत होतो. मी नुसता ठोकळा, तरी मला याची लाज वाटे.

आठ महिन्यांनी नर्सताई पुन्हा कामावर आल्या. मोरीपाशी त्यांच्या दवाखान्याची एक खोली होती. लसीकरणाच्या दिवशी त्यांना वरच्या वस्तीत जावे लागे. त्यांचा उजवा पाय आता गुडघ्यात वाकत नव्हता, काठीसारखा सरळ राही. स्कूटर सुटली होती आणि बसही बंद होती. एका सकाळी लसींचा डबा खांद्याला लावून, काठी टेकत टेकत त्या चढाच्या पायथ्याशी चालताना सावकाशभाऊंना दिसल्या. आम्ही दोघे भाऊ तेव्हा सीटखाली होतो. ट्रक थांबला.

"ताई, बसा. वर सोडतो."

"पाय वाकत नाही हो माझा. एवढ्या उंच चढता येणार नाही."

भाऊ खाली उतरले. त्यांनी आम्हाला सीटखालून काढून पायरीखाली एकावर एक रचले. ताई आमच्यावर पाय ठेवून वर चढल्या. मित्रांनो, त्या चढेपर्यंत भाऊंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते. 

मग दर आठवड्याला ताई आमच्या ट्रकमधून जाऊ लागल्या. त्या मनमोकळ्या होत्या. कोणाचे बाळ किती गुटगुटीत झाले, कोण सुई पाहून कॉटखाली लपते, सगळे हसत हसत सांगत. एकदा मात्र त्यांचा आवाज बदलला.

"मी घरी पडून होते ना, त्या आठ महिन्यांत वस्तीवर लसी द्यायला कोणी आलंच नाही. दोन मुलांना गोवर निघाला. त्यातल्या एका मुलीला आता नीट ऐकू येत नाही. तिची आई मला काही बोलत नाही. पण मला तिच्या घरात पाऊल टाकवत नाही."

"तुमचा काय दोष त्यात, ताई?"

"दोष नाही. पण चुकलं ते चुकलंच ना?"

भाऊ पुढे पाहत गाडी चालवत राहिले. थोड्या वेळाने ताईंची नजर आमच्याकडे गेली. "हे ठोकळे चांगले केलेत तुम्ही, भाऊ. मी सगळ्यांना सांगते, ड्रायव्हर असावा तर असा. ज्याने तो दगड टाकला, त्याच्याकडे असा एक ठोकळा असता तर मी आज धावत असते. त्याला बिचाऱ्याला कदाचित माहीतही नसेल."

आता भाऊ सांगतील, असे मला वाटले. त्यांनी तोंड उघडलेही होते. पण समोर वस्ती आली, बाया-मुलांनी ट्रकला गराडा घातला आणि ताई उतरून गेल्या. पुढच्या आठवड्यातही तेच झाले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मामांचा फोन आला की "ताईंना सांगितलंत?" हाच प्रश्न ते आधी विचारत आणि भाऊ "सांगतो" म्हणून विषय बदलत. खरे सांगायचे तर ताईंना वर सोडून आल्यावर भाऊंना बरे वाटे. आपण फेड करतो आहोत असे त्यांना वाटे. त्या बरे वाटण्यामुळेच सांगणे पुढे पुढे जात राहिले.

मधे माझे वाईट दिवस आले. भाऊ कावीळ होऊन दोन महिने अंथरुणाला खिळले आणि मालकांनी बदली ड्रायव्हर ठेवला. त्याला आमचे लोंबकळणे पसंत पडले नाही. पहिल्याच दिवशी त्याने दोर कापून टाकला. मला उशाला घेऊन तो झोपायचा, माझ्यावर खिळे सरळ करायचा, माझ्यावर ठेवून सुपारी फोडायचा. माझ्या जुळ्या भावाला तर त्याने एका सकाळी चहासाठी चुलीत घातले. पाणी उकळले, चहा झाला, तो प्यायला आणि कप विसळून निघून गेला. माझा भाऊ राख झाला होता. मित्रांनो, एवढ्या कठीण लाकडाचा असूनही मला त्या दिवशी रडू आले. बदली ड्रायव्हर पुन्हा रस्त्यावरचे दगड लावायचा आणि तिथेच टाकून जायचा. मी सीटखालून काय करणार?

भाऊ बरे होऊन आले, तेव्हा त्यांनी आधी आम्हाला शोधले. मी एकटाच सापडलो. त्यांनी मला पुसून पुन्हा सीटखाली ठेवले. "मामांकडून दुसरा करून आणतो," असे ते म्हणाले खरे, पण मामांकडे गेले की तो प्रश्न येणार, म्हणून तेही राहून गेले.

आता त्या सकाळचे सांगतो. लसीकरणाचा दिवस होता. ताई भाऊंच्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर लसींचा डबा. मोरीच्या आणि चढाच्या दुरुस्तीसाठी अर्धा रस्ता खणून ठेवलेला, म्हणून उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून गाड्यांची एकामागे एक रांग चालली होती. आमच्या मागे शाळेची छोटी बस होती. मुले खिडकीतून हात बाहेर काढून ट्रकमागची अक्षरे मोठ्याने वाचत होती. त्या दिवशी मालकांनी सोळा टन भरले होते.

चढ अर्धा झाला आणि इंजिनाखालून जळका वास आला. क्लचची प्लेट जळाली होती. इंजिन गुरगुरत होते, पण त्याची ताकद चाकांपर्यंत पोचत नव्हती. ट्रक थांबला. भाऊंनी ब्रेकवर पाय रोवला आणि हातब्रेक ओढला. तरी ट्रक बोटभर मागे सरकला. मग आणखी बोटभर.

भाऊंनी आरशात पाहिले. बस अगदी पाठीशी होती आणि बसच्या मागे गाड्याच गाड्या. कोणालाच मागे जायला जागा नव्हती. उजव्या हाताला मोरीपर्यंत खणलेला चर.

"ताई," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. "मी ब्रेकवरचा पाय काढू शकत नाही. सीटखाली ठोकळा आहे. तो डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला लावायचाय."

"मी?"

"दुसरं कोणी नाही, ताई. मागे मुलं आहेत."

ताईंनी डबा सीटवर ठेवला. वाकता येत नव्हते, म्हणून त्यांनी काठीने मला ओढून बाहेर काढले, दार उघडले आणि सरळ पाय पुढे धरून त्या बसकण मारत खाली घसरल्या. पायरीचा पत्रा लागून त्यांचा हात खरचटला. मला छातीशी धरून, ट्रकच्या फळीला एक हात टेकत त्या मागे गेल्या. चाक हळूहळू त्यांच्याकडेच येत होते. ताई रस्त्यावर आडव्या झाल्या, पाय चाकापासून बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी मला चाकाखाली सारले.

चाक माझ्या उतरत्या बाजूवर चढले. सोळा टन म्हणजे काय ते मला तेव्हा समजले. माझा भाऊ असता तर भार वाटला गेला असता. मी कर्रकन वाजलो. मधोमध मला एक भेग गेली, माझी पुढची कड चुरगळली आणि मी रस्त्याच्या चरीत रुतून बसलो. पण बसलो तो बसलो. चाक थांबले.

"उतरवा मुलांना!" ताई बसच्या ड्रायव्हरवर ओरडल्या. बसमधल्या शाळेच्या बाईंनी मुलांना एकेक करून उतरवले आणि रस्त्याकडेच्या बांधावर रांगेत उभे केले. मागच्या गाड्यांतली माणसे धावत आली. कोणी दगड आणले, कोणी ओंडका. ट्रकची सगळी चाके अडवून झाली, तेव्हा कुठे भाऊंनी ब्रेकवरचा पाय काढला.  खाली उतरून ते ट्रकला टेकून बसले.

बांधावर बसलेल्या ताईंच्या हाताला बाई रुमाल बांधत होत्या. सगळ्यांच्या जिवात जीव आला होता, त्यामुळे सगळे एकदम बोलत होते. एक जण म्हणाला, "ड्रायव्हरने डोकं शांत ठेवलं म्हणून. यांचा सत्कार केला पाहिजे."

"केलाच पाहिजे," ताई म्हणाल्या. "मी जवळजवळ दोन वर्षं यांच्या गाडीत बसते. हा माणूस..."

"ताई, नका," भाऊ म्हणाले. ते उठून ताईंसमोर येऊन उभे राहिले. "तो दगड माझा होता."

"कुठला दगड?" ताईंना खरेच कळले नव्हते.

"तुम्ही ज्याच्यावरून पडलात तो. मी लावला होता आणि मीच टाकून गेलो होतो."

 ताईंनी भाऊंकडे पाहिले, मग आपल्या पायाकडे पाहिले. नंतर त्यांनी ट्रकच्या सीटवरचा डबा मागून घेतला आणि झाकण उघडून आतला बर्फ तपासला.

"वस्तीवर बायका थांबल्या असतील," त्या म्हणाल्या.

"मी डबा आणतो, ताई."

"नको."

त्यांनी डबा खांद्याला लावला आणि त्या काठी टेकत निघाल्या. चाकाखाली दबलेल्या मला फक्त रस्ताच दिसत होता. त्यावरून आधी काठी गेली, मग एक पाऊल, मग ओढलेला दुसरा पाय. अर्धा चढ बाकी होता. तो त्यांनी चालत चढला आणि मागे वळून पाहिले नाही.

पुढे चौकशी झाली. ट्रक वजनकाट्यावर नेला तेव्हा कागदावरचे दहा टन आणि काट्यावरचे सोळा टन सगळ्यांना दिसले. क्लच ड्रायव्हरने जाळला, असे मालकांनी सांगितले. भाऊंनी मात्र काही लपवले नाही. जादा पाट्यांचे सांगितले, आपल्या गप्प बसण्याचे सांगितले आणि कोणी विचारले नसताना दगडाचेही सांगितले. त्यांची नोकरी गेली. आता ते दुधाची छोटी गाडी चालवतात. मालकांनी दुसरा ड्रायव्हर पाहिला.

चौकशी संपल्यावर भाऊ मला मामांकडे घेऊन गेले. मामांनी माझ्या भेगेवरून बोट फिरवले. "याला आता चाकाखाली घालू नका. पुन्हा भार आला तर दोन तुकडे होतील." मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. जावयांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला आणि शेजारी बसून राहिले.

तिथून निघून भाऊ थेट ताईंच्या खोलीवर गेले. मी त्यांच्या पिशवीत होतो. ताई लोखंडी खुर्चीवर बसून नोंदी करत होत्या. त्यांचा सरळ पाय समोर हवेत अवघडून राहिला होता.

"किती दिवस माहीत होतं तुम्हाला?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"दुसऱ्या दिवसापासून."

"म्हणजे मी गाडीत बसून तुमची तारीफ करत होते, तेव्हाही?"

"हो, ताई."

"त्या मुलीचं सांगितलं, तेव्हाही?"

"हो."

ताईंनी पेन खाली ठेवले. "दगड मी एक वेळ विसरेन. घाईत कोणाकडूनही होतं. पण मी दर आठवड्याला तुमच्या शेजारी बसत होते आणि तुम्ही ऐकून घेत होतात. माफ केलं असं मला म्हणता येणार नाही, भाऊ."

"मी माफी मागायला आलो नाही. तुम्हाला काय विचारायचं असेल ते विचारा, म्हणून आलो."

तेवढ्यात एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आत आली. ताईंनी बाळाला मांडीवर घेतले. बाळ हातपाय झाडू लागले, ताईंचा तोल जायला लागला आणि तो सरळ पाय थरथरू लागला. भाऊंनी मला पिशवीतून काढले, जमिनीवर बसले आणि ताईंच्या टाचेखाली सरकवले. पाय टेकला. ताईंनी एकदा खाली पाहिले. मग त्यांनी बाळाला सुई दिली, बाळ रडले, आईने त्याला उचलून घेतले. भाऊ पिशवी उचलून निघून गेले. ताईंनी पाय काढून घेतला नाही.

तेव्हापासून मी ताईंच्या खुर्चीपुढे आहे. भेगेत लाख भरून त्यांनी मला पुन्हा धडका करून घेतले आहे आणि रोज ओल्या फडक्याने पुसतात. इथे मला काही कमी नाही. खिडकीतून अजून ट्रक दिसतात. त्यातले पुष्कळ अजून खाली बसलेले असतात, आणि जे ताठ दिसतात त्यांचीच मला जास्त भीती वाटते.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या ट्रक चालवतील, कोणी ट्रकचे मालक होतील, कोणी वजनकाट्यावर बसतील. गाडीवर तिला झेपेल तेवढेच ओझे घाला. रस्त्यात दगड लावलात तर तो उचलल्याशिवाय पुढे जाऊ नका, मागून कितीही भोंगे वाजोत. आणि एवढे करूनही हातून चूक झालीच, तर ज्याला लागले त्याच्याकडे त्याच दिवशी जा. आमचे भाऊ वाईट नव्हते. त्यांनी माझ्यासारखा ठोकळा करून घेतला, गाडी हळू चालवली, ताईंना दर आठवड्याला वर सोडले. सगळे केले, फक्त सांगायला अडीच वर्षे लावली. दुधाची गाडी रोज सकाळी या खोलीवरून जाते, भाऊ ती हळू करतात, ताई मान वर करून पाहतात आणि पुन्हा नोंदी लिहू लागतात. दगडाचा राग त्यांच्या मनात आता राहिलेला नाही. त्या बोलत नाहीत, ते त्या अडीच वर्षांमुळे.